इमारतीची कंबर

तू फक्त ऐक. मधे 'मग? मग?' करू नकोस, माझी लिंक तुटते. आणि हसूही नकोस, निदान सुरुवातीला तरी, कारण सगळा घोळ एका हसण्यावरूनच झालाय. तर झालं काय, साहेबांच्या हातातून पाण्याची बाटली पडली. बस्स, एवढंच. ते नवं संग्रहालय बांधतायत ना, जुन्या होड्यांचं, त्याचं वरचं दालन रस्त्यावर हात बाहेर काढल्यासारखं पुढे आलंय, खाली एक खांब नाही, अगदी अधांतरी. त्या दालनाच्या पार टोकाला साहेब उभे होते. संग्रहालयाचे सर्वेसर्वा, सगळे त्यांना नुसतं साहेबच म्हणतात. बोलता बोलता त्यांनी हातवारे केले नि बाटली सुटली. फुटली नाही, सांडली नाही, आडवी पडली आणि गडगडायला लागली. आता टोकाला पडलेली वस्तू, ती तिथंच पडून राहावी की नाही? नाही. ती निघाली आतल्या बाजूला. घाई नाही, गडबड नाही, जेवण झाल्यावर चार पावलं फिरायला निघाल्यासारखी. मधे वायरच्या एका तुकड्यावर जराशी अडखळली, परत वळली, आणि सगळ्यांच्या नजरा आपल्यामागे ओढत थेट येऊन टेकूच्या बुटाला लागली. टक्.

टेकू म्हणजे आपली टेकू. ती त्या इमारतीचं गणित सांभाळते. तुळई किती जाड, लोखंड किती, काय कशाच्या जिवावर उभं राहणार, ते सगळं तिच्याकडे. "जमीन वाकडी आहे," साहेब म्हणाले. म्हणजे ओरडले वगैरे नाहीत, शांतपणे म्हणाले, आणि ते जास्त वाईट. टेकू वाकली, बाटली उचलली आणि म्हणाली, "वाकडी नाही साहेब, कॅम्बर आहे तो." "कंबर?" साहेब म्हणाले, "कुणाची कंबर?" झालं! जो हशा पिकला म्हणतोस! साहेबांचे दोघंतिघं होते ते हसले, ठेकेदार हसला, आणि आर्किटेक्टही हसला. बाकीच्यांचं सोड, पण त्याचं हसणं. ते तिला लागलं. कारण तो कॅम्बर कुणासाठी दिला होता? त्याच्यासाठीच तर. त्याच्या एका रेघेसाठी.

ते नीट सांगितलं पाहिजे. आर्किटेक्टला ऑफिसात सगळे 'रेघ' म्हणतात, अर्थात पाठीमागे. कारण तो आला तोच एक रेघ घेऊन आला होता. मोठा कागद पसरला, जाड पेन्सिलीनं एका झटक्यात आडवी रेघ ओढली आणि म्हणाला, ही इमारत. टेकू तेव्हा नवीकोरी, नुकती लागलेली. तिनं खालून पेन्सिलीनं रेघेच्या टोकाला एक उभी काडी काढली. खांब. रेघेनं ती खोडली. तिनं परत काढली. त्यानं परत खोडली. "माझ्या रेघेला टेकू देऊ नका हो बाई," तो हात जोडून म्हणाला, आणि तेव्हापासून ही टेकू. तिला राग नाही आला. उलट त्या खोडलेल्या जागेकडे, कागद जरा काळवंडून खरबरीत झाला होता तिथं, ती बघत बसली आणि तिला वाटलं, खरंच सुंदर आहे. खांब नसलेली रेघ. मग किती दिवस ती त्यामागे लागली होती ते विचारू नकोस. घरी नाही, दारी नाही, स्वप्नातसुद्धा तुळया. शेवटी जमवलं. पण एक अट घालून. अशी अधांतरी गोष्ट वजन आलं की लवतेच, त्याला कुणाचा इलाज नाही. म्हणून ती मुद्दाम आधी उलटी वर चढवून बांधायची. टोक जरासं वर, तोच कॅम्बर. आज वाकडं दिसणार. मग पुढे काच लागली, फरशी बसली, ती लांबलचक होडी छताला टांगली, माणसं आली, की टोक हळूहळू खाली येणार आणि त्याची रेघ सरळ होणार. आज खोटं दिसायचं म्हणजे उद्या खरं होता येतं. तिनं हे सांगितलं तेव्हा रेघ टेबलावर हात आपटून म्हणाला होता, "वा! म्हणजे इमारत नाही, धनुष्यच!" आणि आता तोच हसला. साहेबांच्या बरोबरीनं, जरा मान खाली घालून, पण हसला.

साहेब जाता जाता म्हणाले, "परवा पाहुणे येतायत. ज्यांनी होड्या दिल्या ते. त्यांना ह्या घसरगुंडीवरून मी चालवणार नाही. परवापर्यंत सरळ करा." ठेकेदार लगेच पुढे. "होऊन जाईल साहेब. आतल्या बाजूला थर ओततो, उताराला भर, वरून पाण्यासारखं लेव्हल. उद्या सकाळी गाडी मागवतो. फक्त मॅडमनी हो म्हणावं." आणि सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिच्या हातात अजून ती बाटली. तिनं एकच केलं, हो म्हणाली नाही. "बघते," म्हणाली आणि उतरली.

आणि रस्त्यावर आली तर काय, तिला सगळीकडे झोळ दिसायला लागला. तुला कधी असं झालंय का, एखादा शब्द डोक्यात घुसला की सगळं जग त्याच शब्दाचं होऊन जातं? दोन खांबांमधल्या तारा, त्यांना झोळ. दुकानाच्या दारावरचं कापड, त्यात कालचं पाणी साठलेलं, त्याला पोट. बसथांब्याचं पत्र्याचं छप्पर मधे बसलेलं. कपड्यांच्या दुकानातली आडवी दांडी कोटांच्या वजनानं लवलेली. समोरून एक बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येत होती, तिचे खांदे, तिची मान, अगदी तिच्या तोंडाचे कोपरेसुद्धा खाली. सगळं खाली येतंय, टेकूला वाटलं, सगळं आपापल्या वजनानं खाली येतंय आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, कारण ते हळूहळू येतंय. आणि जे आधीपासून वर चढवून ठेवलंय, त्यालाच नेमकं लोक वाकडं म्हणतायत. ती चालायची थांबली. राग म्हणावा तर राग नाही. भीतीच ती, पण रागाचे कपडे घातलेली. कारण एक गोष्ट तिनं तिथं वर कुणाला सांगितली नव्हती. तिला खात्री नव्हती. म्हणजे गणित बरोबर होतं, परत परत केलेलं, पण काँक्रीट काही गणिताच्या वहीत राहत नाही ना. ते कधी जास्त लवतं, कधी कमी, वर्षानुवर्षं सावकाश लवत राहतं, किंवा हट्टानं तसंच राहतं. टोक खाली आलंच नाही तर? जन्मभर ती जमीन तशीच वर नाक करून राहणार, आणि जन्मभर लोक म्हणणार, कुणाची हो ही कंबर?

तेवढ्यात सरांचा फोन. सर म्हणजे तिचे बॉस, ज्यांच्या ऑफिसात ती काम करते. म्हातारे, पण आवाज असा की टेबल हलावं. त्यांनी तिला नोकरीवर घेतलं तीच एक गंमत आहे. मुलाखतीत विचारलं, इमारत कशामुळे उभी राहते? ही घाबरलेली, तोंडातून निघून गेलं, "नाइलाजानं." सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, उद्यापासून ये. आणि त्यांची ती गोष्ट तर तुला माहीतच असेल, सगळ्यांना माहीत आहे. तरुणपणी एका सभागृहाच्या छपरावरून ते मालकाशी भांडले, काम गेलं पण हो म्हटलं नाही. ही गोष्ट ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात, दर वेळी छप्पर जरा मोठं होतं. टेकूनं ती इतक्यांदा ऐकली होती की ती तिला आपलीच वाटायची. तर तिला वाटलं, सर म्हणतील, शाब्बास. सर म्हणाले, "अगं, साहेबांचा फोन होता. ओतू दे की थर. पडणार आहे का?"

"नाही सर, पडणार नाही."

"मग?"

बघ, ह्या 'मग'ला उत्तर काय देणार! पडणार नाही, हे खरंच होतं. त्या भरावाचं वजनही बरंचसं भिंतीजवळच, टोकाला त्याचा फार जाच नाही. कुणी मरणार नाही, काही कोसळणार नाही. फक्त काय होईल, परवा जमीन सरळ दिसेल, पाहुणे टाळ्या वाजवतील. आणि मग काच लागेल, होडी टांगली जाईल, माणसं येतील, आणि टोक तर खाली जाणारच, त्याला भरावाचं काय! मग ती जमीन कायमची बाहेरच्या अंगाला उतरती. टोकाला काच, काचेपलीकडे हवा, खाली रस्ता. आत ढकलणारी जमीन माणूस एक वेळ सहन करतो रे, पण बाहेर ढकलणारी नाही. माणसं निम्म्यातून परत फिरतील आणि त्यांना कळणारही नाही का ते. लहान मुलाला आई हाताला धरून मागे ओढेल. चाकाच्या खुर्चीतला म्हातारा ब्रेक दाबून बसेल. आणि ते टोक, ज्याच्यासाठी ती रेघ ओढली होती, ते रिकामं राहील. तिनं हे सगळं सरांना सांगितलं, फूटपाथवर उभं राहून, एका कानात बोट घालून. सरांनी ऐकलं. मग म्हणाले, "तुझं बरोबर आहे. पण तू हो म्हणून सांगून टाक ठेकेदाराला." "सर, तुम्हीच सांगा ना मग. तुमचं ऑफिस आहे, तुम्ही हो म्हणालात की झालं." आणि इथं फोनमधे अशी एक पोकळी झाली, जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तशी. "साइट तुझी आहे," सर म्हणाले. "तूच सांगितलेलं बरं दिसेल." फोन बंद. आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सरांना माहीत होतं. हे चुकीचं आहे हे त्यांना तिच्याइतकंच माहीत होतं. म्हणून तर त्यांना तो शब्द स्वतःच्या तोंडातून काढायचा नव्हता. रेघेलाही नव्हता, ठेकेदारालाही नव्हता. सगळ्यांना काम हवं होतं, फक्त 'हो' तिच्या तोंडचा हवा होता.

घरी गेली तर बाबा खिडकीपाशी पेपर वाचत बसलेले आणि त्यांच्या डोक्यावर ती फळी. ती फळी म्हणजे टेकूच्या लहानपणातलं मोठं प्रकरण. बाबांनी स्वतः ठोकलेली, भिंतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तिच्यावर पुस्तकांचं हे ओझं. वर्षभरात मधे झोळ यायचा. मग बाबा एका रविवारी सगळी पुस्तकं जमिनीवर काढायचे, फळी उलटी करायचे आणि परत लावायचे. झोळाचा झाला उंचवटा. पुस्तकं दोन्हीकडे कलंडलेली, मधे फट. आईचा नुसता संताप, "अहो, लोक काय म्हणतील, उंटाच्या पाठीवर लायब्ररी?" आणि बाबा म्हणायचे, "राहू दे. बसेल." आणि बसायची. काही दिवसांत फळी सरळ, अगदी रेघेसारखी. छोटी टेकू रोज शाळेतून येऊन आधी फळीकडे बघायची. तिच्या सगळ्या इंजिनिअरिंगमधे एवढं एकच असं होतं, जे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण एका वर्षी फळी बसलीच नाही. लाकूड वाळलं असेल, म्हातारं झालं असेल. उंचवटा तसाच. आठवडे गेले, महिने गेले. येणारा प्रत्येक जण आधी फळीकडे बघायचा, मग बाबांकडे. आणि बाबा, ऑफिसात ज्यांनी आयुष्यभर कुणाला उलट उत्तर दिलं नाही, ज्यांच्या खांद्यावरून किती लोक पुढे गेले, ते फळीच्या बाबतीत मात्र "असू दे" म्हणायचे आणि पेपर वर करायचे. आजही ती तशीच आहे. टेकूला लहानपणी त्याची लाज वाटायची. आज ती दारातच उभी राहून त्या उंचवट्याकडे बघत राहिली आणि तिला कळेना, आपल्याला त्याच्याकडे बघून धीर येतोय की घाम फुटतोय.

"चहा घे आधी, तोंड बघ केवढंसं झालंय," आई म्हणाली. टेकूनं सगळं सांगितलं. आईनं ऐकलं आणि म्हणाली, "एवढंच ना? मग म्हण की हो. एवढ्या मोठ्या माणसांना हवंय, तुझे सर पण म्हणतायत, तुझं काय जातंय?" टेकूनं चहाचा घोट घेतला. "मी आयुष्यभर हो म्हणत आले," आई म्हणाली, "सगळ्यांना. माझं काय बिघडलं?" आई तर सहज बोलून गेली होती, पण बोललेलं वाक्य हवेत तसंच राहिलं, खाली येईना. बाबांनी पेपर खाली घेतला आणि आईकडे बघितलं. आईनं त्यांच्याकडे नाही बघितलं, कपातल्या सायीकडे बघितलं. "चला, मी जरा कंबर टेकते," म्हणून ती आत गेली. आणि टेकूला त्या शब्दावर हसू यावं की नाही? आलं ना! फस्सकन आलं, आणि लगेच डोळ्यांत पाणी. बाबांना वाटलं चहाचा ठसका लागला. "बाबा," तिनं विचारलं, "त्या वर्षी फळी बसली नाही, तेव्हा तुम्हाला काय वाटलं हो?" बाबांनी वर फळीकडे बघितलं. म्हणाले, "वाईट वाटलं. पण झोळ आलेली फळी रोज बघायची, त्यापेक्षा कमी." आणि पेपर परत वर.

सकाळी ती साइटवर पोचली तेव्हा गाडी आली होती. ती मोठी, पाठीवर ड्रम घेतलेली, गरगर फिरणारा. आत तयार काँक्रीट. ह्या लोकांच्या भाषेत माल. माल थांबत नाही, ड्रम फिरतोय तोवर ठीक, जास्त वेळ गेला की आतल्या आत दगड. पंपाची नळी वरपर्यंत चढवलेली, दालनात तिचं तोंड जमिनीवर टेकवून दोन माणसं तयार. वर दालनात रेघ आला होता, दाढी न करता. ठेकेदार डोक्यावर शिरस्त्राण चढवून इकडून तिकडे. "गुड मॉर्निंग मॅडम! आज कंबर सरळ करायची ना? म्हणा हो, की सोडतो माल." "नाही," टेकू म्हणाली. ठेकेदाराला वाटलं चेष्टा करतायत. "मॅडम, गाडी उभी आहे." "मी तुम्हाला अडवत नाहीये," ती म्हणाली, आणि बघ हं, तिचा आवाज कापत होता, हे तिनं स्वतः मला सांगितलंय, पण शब्द नाही कापले. "नळीच्या आड उभी राहणार नाही, आरडाओरडा करणार नाही. ज्याला ओतायचंय त्यानं ओतावं. फक्त हो मी म्हणणार नाही. ज्याला हवंय त्यानं म्हणावं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

आता ठेकेदार काय करतो? तो वळला रेघेकडे. "आर्किटेक्ट सर, तुम्ही म्हणता का?" रेघ म्हणाला, "हे स्ट्रक्चरचं आहे, मी कसं म्हणू? टेकूबाई, कशाला हट्ट करताय? एक दिवसाचा प्रश्न आहे." "ही तुमची रेघ आहे," ती म्हणाली. "मी खांब काढला होता, तुम्ही खोडलात. दोनदा. तेव्हा हट्ट कुणाचा होता? मी तुमच्या हट्टासाठी ह्या जमिनीला आज वाईट दिसायला लावलंय, उद्या तिनं तुमचं नाव राखावं म्हणून. आणि तुम्ही काल हसलात." रेघेचा चेहरा असा झाला, कागद खोडून खोडून खरबरीत व्हावा तसा. तो वळला. चालत टोकापर्यंत गेला आणि रस्त्याकडे बघत उभा राहिला, पाठमोरा. ठेकेदारानं फोन लावला सरांना, स्पीकरवर. "सर, मॅडम नाही म्हणतायत. तुम्ही म्हणता का?" फोनमधून सरांचा तो टेबल हलवणारा आवाज आला, पण लहान होऊन. "साइटवर ती आहे. तिला विचार." "सर, त्या म्हणतायत ज्याला हवंय त्यानं म्हणा." "तिला समजाव जरा." "सर, पण तुम्ही म्हणताय का?" फोनमधे नुसती खरखर. खाली ड्रम फिरतोय, गर्र गर्र, आत माल घट्ट होतोय, नळीवाली दोन माणसं एकदा ह्याच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या तोंडाकडे. काय मजा आहे बघ. एवढा साधा शब्द. आपण दिवसात कितीदा म्हणतो, चहा घेणार का, हो, येतोस का, हो. आणि तिथं एवढी शिकलेली, एवढी मोठी माणसं, आणि तो एक शब्द कुणाच्या तोंडातून निघेना.

आणि तेवढ्यात साहेब. बहुतेक खाली गाडी बघून वर आले असतील. दारातच थांबले. "झालं का सरळ?" सगळे टेकूकडे. "नाही," टेकू म्हणाली. "म्हणजे अजून वाकडंच आहे?" "हो," ती म्हणाली. पहिला हो. कालपासूनचा पहिला. "वाकडं आहे, आणि मी मुद्दाम ठेवलंय. आज भरून सरळ केलं, तर पुढे होडी टांगल्यावर ही जमीन माणसांना रस्त्याकडे ढकलेल, रोज, कायमची. मग कितीही ओतलं तरी ते निघणार नाही." साहेबांनी चष्मा काढला. वाईट माणूस नाहीत ते, उगाच कशाला म्हणू. "आणि टोक खाली आलंच नाही तर?" बरोबर तिथंच बोट ठेवलं बघ. फूटपाथवर ती ज्या गोष्टीला भ्यायली होती, तिच्यावरच. आता इथं खोटं बोलायला काय हरकत होती? म्हणायचं, येणारच, शंभर टक्के. सगळे सुटले असते. "तर तसंच राहील," टेकू म्हणाली. "जो विचारेल त्याला सांगा, हिची चूक. मी येऊन उभी राहीन हवं तर."

"म्हणजे तुम्हाला खात्री नाही."

"नाही. इथं कुणालाच नाही. मी फक्त मोठ्यानं म्हणतेय."

"मग हे ओतायला कुणाची परवानगी लागते?" साहेबांनी ठेकेदाराला विचारलं. ठेकेदार म्हणाला, "मॅडमची. नाहीतर तुम्ही म्हणा साहेब, तुमची इमारत." साहेबांनी जमिनीकडे बघितलं. नळीच्या तोंडाकडे बघितलं. मग पार टोकाकडे, जिथं रेघ पाठमोरा उभा होता. "तुमचं तुम्ही बघा," म्हणाले आणि वळून जिना उतरायला लागले. गाडी परत गेली. म्हणजे जाता जाता ठेकेदारानं तो माल मागच्या पार्किंगच्या खड्ड्यांत ओतून टाकला. तेवढं नुकसान तो कशाला सोसेल! जाताना टेकूला म्हणाला, "मॅडम, माझी कंबर मोडलीत तुम्ही आज," पण हसत म्हणाला.

दुपारी ती दालनातच होती, एका लाकडी खोक्यावर बसून डबा उघडत होती, तेव्हा सरांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले. जेवलीस का. ऊन आहे का तिकडे. मग म्हणाले, "साहेब म्हणाले, तिला ह्या साइटवरून काढा." टेकूनं डब्याचं झाकण परत लावलं. "आणि तुम्ही?" तिनं विचारलं. "तुम्ही काय म्हणालात, सर?" मग सर म्हणाले, "मी हो म्हटलं."

कळतंय का तुला? सकाळभर जो शब्द त्यांच्या तोंडातून निघत नव्हता, तो दुपारी निघाला. टेकूला आधी काही वाटलंच नाही, बर्फ लागल्यावर कसं पहिल्यांदा नुसतं गुळगुळीत लागतं, तसं. मग ती म्हणाली, "तुमच्या त्या छपराच्या गोष्टीत, सर, मालकानं तुम्हाला काढलं तेव्हा तुमच्या सरांनी काय म्हटलं होतं? ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत." सरांनी ते कानाआड केलं, म्हणाले, "अजून वेळ गेलेली नाही. संध्याकाळपर्यंत साहेबांना जाऊन भेट. घाई केली, चुकलं, एवढंच म्हण. साइट तुझीच राहील, थराचं मी बघतो कसं टाळायचं ते. तुझंच काम आहे ते, दुसऱ्याच्या हातात गेलं तर आज रात्रीच ओततील. विचार कर." म्हणजे बघ हां, पेच कसा टाकला. एकदा खोटं चुकलं म्हण, आणि जमीन वाचव. नाहीतर खरी राहा, आणि जमीन सोड. आणि सर ते थर टाळतीलच ह्याची तरी काय खात्री!

फोन ठेवून ती उठली. दालनात कुणी नव्हतं, नुसता रेघ, टोकाला, सकाळपासून तिथंच. ती त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. खाली रस्ता वाहत होता, माणसं, छत्र्या, सायकली, कुणाचं वर लक्ष नाही. ह्या इंजिनिअर लोकांची एक पद्धत असते, जमिनीचा जीव बघायची, ती किती हलते नि किती लवकर थांबते ते. चवड्यांवर उभं राहायचं आणि टाचा एकदम सोडायच्या. टेकू चवड्यांवर उभी राहिली, जितकी उंच होता येईल तितकी उंच, आणि सगळं अंग सैल करून टाचा सोडल्या. धप्. जमीन थरथरली, अगदी केसाएवढी, आणि थांबली. रेघेनं दचकून कठडा धरला. तिनं परत टाचा उचलल्या. परत धप्. परत थरथरली, परत थांबली. "काय करताय?" तो म्हणाला. "काही नाही," ती म्हणाली, "हिला सांगतेय, जाम हलायचं नाही." आणि तिसऱ्यांदा चवड्यांवर उभी राहिली तेव्हा तिच्या लक्षात आलं, शेजारी रेघेनंही टाचा उचलल्यात.

संध्याकाळ व्हायची होती अजून. साहेबांचं ऑफिस रस्त्याच्या त्या बाजूलाच, दालनातून सरळ दिसतं, खिडकीत त्यांचं डोकंसुद्धा. जाऊन 'चुकलं' म्हणायचं, नाहीतर जायचंच नाही. तिनं काय केलं ते मी सांगणारच आहे, पण आधी तू सांग. आणि लगेच 'मी पण तेच केलं असतं' असं म्हणू नकोस, मला माहितीये तू कसा आहेस ते. खरं सांग. तू काय केलं असतंस?